मोठ्या भावाचा रिपोर्ट

उत्क्रांतीवरचा तुझा निबंध मी वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. इंग्रजी फार चांगलं आहे. इतकं चांगलं की ते तुझं नसावं असा मला संशय आहे, पण तो विषय आज नको. त्यात एक वाक्य आहे, की निसर्ग दुबळ्यांना बाजूला काढतो, लायक असतील त्यांनाच पुढे नेतो, आणि म्हणून प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा सरस निघते. तुझ्या शिक्षिकेने या वाक्यापुढे बरोबरची खूण केली आहे.

प्रत्येक पिढी सरस निघते असं वाटायला माणसाचं वय तुझ्याएवढं तरी असावं लागतं, नाहीतर तो आपल्या नातेवाइकांपासून फार दूर राहत असावा लागतो. तुझ्याकडे दोन्ही सोयी आहेत. मी, तुझी आजी, नागपुरात नंदनवन वस्तीत राहते, आणि माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. असल्या समजुतीची चैन मला परवडत नाही. तुझ्या भावालाही हे वाचून दाखव. तो निबंध लिहीत नाही, तेवढाच शहाणा आहे.

हा धडा मी निवृत्त होईपर्यंत ज्युनिअर कॉलेजात शिकवला. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या नेहमी माझ्याकडे. मुलं व्याख्या घडाघडा म्हणायची. उत्परिवर्तन म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल, नैसर्गिक निवड म्हणजे अमुक, आकृती काढली की पूर्ण गुण. त्याच मुलांनी पुढे घरी येऊन मला लग्नाची आमंत्रणं दिली आणि "मॅडम, नाडी जुळली म्हणून पक्कं केलं" असं अभिमानाने सांगितलं. त्यांत डॉक्टर झालेलेही होते. धडा त्यांच्या कानातून शिरून थेट उत्तरपत्रिकेत उतरला होता. मधे डोक्यात थांबायची त्याला गरज पडली नव्हती.

तेव्हा व्याख्या सोड आणि डास बघ. पावसाळा संपत आला की आमच्या गल्लीत धुराची गाडी येते. लोक कौतुकाने खिडक्या उघडून धूर घरात घेतात. कूलरच्या टाकीत साचलेलं पाणी मात्र कोणी ओतून देत नाही, कारण ते काम स्वतःला करावं लागतं. समोरच्या बंगल्यातले निवृत्त साहेब दरवर्षी मला सांगतात, "मॅडम, मच्छरांना आता धुराची सवय झाली." सवय माणसाला होते. डासाला सवय होत नाही, डास मरतो. पण हजारांत एखादा असा निघतो, की त्याच्या शरीराची कृती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरताना कुठेतरी एक अक्षर चुकलेलं असतं. ती चूक धुरासाठी झालेली नसते. धूर आलाच नसता तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती. धुरात बाकीचे मेले, हा उरला, आणि पुढच्या महिन्यात आपल्याला चावतात ती सगळी त्याची नातवंडं. एवढीच ती उत्क्रांती. डास हुशार झाला नाही, लायक झाला नाही. बाकीचे मेले तेव्हा तो मेला नाही, यापलीकडे त्याचं कर्तृत्व शून्य.

आता आपल्या घरातली चूक सांगते, कारण आपल्याकडेही एक आहे.

रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, बोटाने मधे दाबलेल्या पेढ्यासारख्या. त्यांच्यातलं प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य कसं बनवायचं याची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. फार पूर्वी कोणाच्या तरी प्रतीत एक अक्षर बदललं. तशा बदललेल्या दोन्ही प्रती एखाद्याच्या वाट्याला आल्या तर त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ते लेकरू हाडं-सांधे दुखून तळमळतं. याला इथे सगळे सिकलसेल म्हणतात. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणायचं. तपासणीच्या भाषेत आजारी तो एसएस, वाहक तो एएस, आणि ज्याच्यात काहीच नाही तो एए.

इतका दुष्ट बदल टिकला कसा, हे तुझ्या निबंधाने विचारायला हवं होतं. तो टिकला, कारण वाहकाला मलेरिया सहसा मारू शकत नाही. माझे वडील जंगलखात्यात होते. पाऊस थांबला की आमच्या क्वार्टरच्या रांगेत घराघरातून दात वाजल्याचा आवाज यायचा, आणि आई आम्हाला गुळाच्या खड्यात कडू गोळी दडवून गिळायला लावायची. ज्यांच्याकडे गोळ्या नव्हत्या अशा किती पिढ्या त्या जंगलात जगल्या असतील, विचार कर. तिथे एक प्रत बदललेल्यांची मुलं जास्त उरली. दोन्ही बदललेली मेली. निसर्गाला यातलं कोणीच आवडत नव्हतं आणि नावडतही नव्हतं. जो उरला त्याची प्रत पुढे गेली. पुढे गोळ्या आल्या, शहर आलं, आणि ज्याने आपल्या पूर्वजांना जगवलं ते आता आपल्या अंगावर नुसतं ओझं म्हणून राहिलं आहे. तुझी शिक्षिका याला सरस म्हणेल की दुबळं, ते तिला विचार.

आमच्या भागात हा बदल अनेक समाजांत आहे. पण ज्याला विचारावं तो सांगतो, की ते 'त्यांच्यात' असतं. हे 'ते' प्रत्येक गल्लीत वेगळे, आणि नेहमी बोलणाऱ्यापेक्षा खालचे. माझ्या जावेचंही हेच मत होतं, तिच्या स्वतःच्या मुलीची तपासणी होईपर्यंत.

ही मुलगी, माझी पुतणी आणि तुमची आत्या, कळमेश्वरला एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. मागच्या हिवाळ्याआधी कंपनीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. तिचा एएस पॅटर्न निघाला. जाऊ जिना उतरून माझ्याकडे आली आणि तिने आधी दार लावून घेतलं.

"ताई, हे आपल्यातच राहू द्या. पोट्टीले कोणी करून घेणार नाई."

"तिला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं.

"ते मले माहीत हाये. लोकायले माहीत हाये का?" मग म्हणाली, "माह्या माहेरी असलं काही नाई. हे तुमच्या घरचं हाये."

लग्न होऊन तीस वर्षं उलटली, तरी घरात काही चांगलं घडलं तर ते 'आमच्या घरचं' आणि वाईट घडलं तर 'तुमच्या घरचं' ही तिची पद्धत आहे. पण या वेळी ती बरोबर निघाली. मी दिरांना तपासायला पाठवलं. ते वाहक निघाले. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं." दिरांनी कोणत्याही विषयावर याहून मोठं भाषण केलेलं मला आठवत नाही.

त्याच सुमारास नागपूरच्या कडेच्या वाडी गावाहून स्थळ आलं. अमरावती रोडला त्यांचं मालाचं गोदाम, स्वतःचे ट्रक. मुलगा इंजिनिअर, म्हणजे पदवी घेऊन गोदामात बसणारा. वडील नाहीत, आई आणि मामा मिळून घर चालवतात आणि मुलाचं डोकंही. पण मुलगा हसरा होता, पुतणीशी त्याचं फोनवर जमलं, आणि तिला तो आवडला. एवढं मात्र ती म्हणाली, की आपलं त्याला सांगायचं आणि त्याचंही तपासून घ्यायचं, त्याशिवाय साक्षगंध नाही. साक्षगंध म्हणजे तुमच्याकडच्या भाषेत एंगेजमेंट.

तिची मागणी साधी होती. मुलगा वाहक नसेल तर भीती काहीच नाही. असेल तर या दोघांच्या प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता, की दोन्ही प्रती बदललेल्याच येतील. हे कळायला मुलाच्या दंडातून चमचाभर रक्त काढणं पुरेसं होतं. तिच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईचा मुलगा एसएस आहे. थंडी वाढली की त्याचे पाय दुखायला लागतात, आणि तो इतका ओरडतो की शेजारी दार उघडून बघतात. एकदा पुतणीने त्याला मांडीवर धरून ऑटोतून दवाखान्यात नेलं होतं.

"मोठी आई," ती मला म्हणाली, "मला तो मुलगा आवडला आहे. म्हणूनच."

पाहायला आले तेव्हा जावेने सांबारवड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे तुम्ही विसरला असणार. वड्या उतरल्या, चहा झाला, आणि पुतणीने कप गोळा करता करता सरळ सांगितलं, "माझा एएस पॅटर्न आहे. यांचाही तपासून घ्यायचा आहे." जावेने डोळे मिटले.

मुलाच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरगी तर धडधाकट दिसून राहिली."

"धडधाकटच आहे," मी म्हटलं, आणि वर जे तुम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, पेढ्यापासून. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते मागे रेलून बसले.

"मॅडम, दोघांची नाडी वेगळी हाये. मी स्वतः पाहिली. आपल्या पूर्वजायनं हेच जेनेटिक्स लिहून ठेवलं ना. नाडी म्हंजे डीएनए."

"तुमच्या ट्रकांचं फिटनेस पत्रिका पाहून मिळतं का?" मी विचारलं.

"ते मशिनीचं हाये जी."

"रक्त तपासायलाही मशीनच असते."

"माणूस आन् ट्रकमंदी फरक हाये ना, मॅडम," मामा म्हणाले, आणि शेवटची वडी त्यांनी उचलली. फरक आहे हे खरंच. ट्रकची तपासणी झाल्याशिवाय तो रस्त्यावर येत नाही.

मुलगा तेवढा वेळ मोबाईलकडे बघत होता. त्याचं मत विचारल्यावर म्हणाला, "आई म्हणेल तसं."

चार-पाच दिवसांनी मुलाची आई एकटीच आली. तिने पिशवीतून प्लास्टिकचं आवरण चढवलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"घ्या मॅडम. आमचं रक्त साफ हाये. शिक्का पाहून घ्या."

जाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा चेहरा उजळला. कागद खरा होता, पॅटर्न एए होता. फक्त वय जुळत नव्हतं आणि तारीखही जुनी होती.

"हा रिपोर्ट कोणाचा?"

"मोठ्याचा. त्याच्या सासऱ्यानं मागतला होता लग्नाच्या वक्ती."

"आमच्या मुलीचं लग्न मोठ्याशी ठरलंय का?"

"काहून जी?" ती खरोखर गोंधळली. "दोघं एकाच पोटचे. एकच रक्त. मोठ्याचं साफ म्हंजे लहान्याचं साफ. डबल डबल काहून टोचायचं पोराले?"

"मोठ्याला चष्मा आहे का?"

"हाये."

"मग धाकट्यालाही तोच घालता का?"

"मोठ्याले तर तो मोबाईलनं लागला," ती म्हणाली.

मी शिक्षिका आहे; हार मानायला मला वेळ लागतो. स्वयंपाकघरातून मी एक वाटी आणली, तिच्यात एक शेंगदाणा आणि एक फुटाणा ठेवला. त्यांना सांगितलं, की समजा ही आईची वाटी. शेंगदाणा म्हणजे चांगली प्रत, फुटाणा म्हणजे बदललेली. प्रत्येक लेकराच्या वेळी आई डोळे मिटून एकच उचलून देते, आणि पुढच्या लेकराच्या वेळी वाटीत पुन्हा दोन्ही असतात. मोठ्याच्या वेळी चांगली आली म्हणून धाकट्याच्या वेळी चांगलीच येईल असं नाही. बापाच्या वाटीचंही तसंच. "आता डोळे मिटा आणि उचला," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. शेंगदाणा आला. मी तो वाटीत परत ठेवला. पुन्हा शेंगदाणाच आला.

"पाहा," ती म्हणाली.

"परत उचला."

"आता काहून? मले दोनच पोट्टे हायेत."

आणि तिने तो शेंगदाणा तोंडात टाकला. जाऊ हसली. मला राग आला, पण तो तिच्या उत्तराचा नव्हता. उत्तर चांगलं होतं. वर्गात असं उत्तर देणारी मुलगी मला आवडली असती. राग आला तो जावेचा, कारण ती बी.एससी. आहे.

"झालं ना मग, ताई," ती म्हणाली. "रिपोर्ट तर हाये."

त्या दिवसापासून सगळ्या घराने तो कागद मान्य केला. दीर म्हणाले, "बरं." साक्षगंधाला पुढचा रविवार धरला, आमच्याच भागातला हॉल घेतला, पत्रिका मोबाईलवर सगळीकडे गेली. मामांनी घोषणा केली, की मुलगी तशी असूनही आम्ही मोठ्या मनाने करून घेत आहोत. 'तशी' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू ती कुठे पकडली गेली होती. ज्या मुलीने स्वतःचं रक्त तपासून समोर ठेवलं ती डागी, आणि ज्याने कधी तपासलंच नाही तो शुद्ध. न पाहिलेल्या गोष्टीला आपण सोयीने शुद्ध म्हणतो. आमच्या कूलरची टाकीही झाकण उघडेपर्यंत शुद्धच असते.

पुतणीने मुलाला फोन लावला तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरातच होती, आणि फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवून ती मेथी निवडत होती.

"तू कधी जातोस तपासायला?"

"अगं, दिला ना आईने रिपोर्ट. ती म्हणते ते बरोबरच असेल."

"तो दादाचा आहे."

"पण एकच रक्त ना."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग रविवारी साक्षगंधाला दादालाच पाठव. अंगठी त्यालाच घालते. रक्त एकच आहे."

मग त्याने विचारलं, "आणि लग्न?"

"तेही त्याच्याशीच करीन. वहिनी हो म्हणत असेल तर."

तिने फोन बंद केला आणि मेथीची जुडी संपवली. काड्यांसकट पानं मात्र भाजीत गेली. मला तिच्या धैर्याचं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली, की एवढ्याशा रक्तासाठी कोणाला धैर्य लागावं.

तो फोन जावेच्या कानावर गेला. ती खाली आली आणि माझ्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"पोरीचं डोकं तुम्ही फिरवलं, ताई. तुमचा पोरगा फॉरेनले गेला. तुम्हाले काय फरक पडते? आमाले इथंच राहायचं हाये, ह्याच लोकायमंदी."

"फरक तिच्या मुलांना पडेल," मी म्हटलं.

"ती झाल्यावर पाहू ना."

झाल्यावर पाहू. या वाक्यावर अख्खा विदर्भ चालतो, बहुतेक देशही. तिने तो कागद पुन्हा पुतणीसमोर ठेवला आणि म्हणाली, "वं पोरी, हातचं चांगलं स्थळ घालवून राहिली तू." पुतणीने कागद उलटा ठेवला. रविवारी हॉलला मी एकटीने जायचं आणि लोकांना परत पाठवायचं, असंही तिने मला सांगून ठेवलं. तिची बॅग भरलेली होती; ती मैत्रिणीकडे जाणार होती. रात्री तिच्या खोलीतला दिवा जळत होता की नव्हता हे मी पाहिलं नाही. पाहण्याची मला गरज वाटली नाही. सकाळी तिचे डोळेच सांगत होते.

बुधवारी मुलगा आला. वाडीहून मोटरसायकलवर, हेल्मेट हातात, आणि घरी न सांगता. पुतणी त्याला घेऊन लॅबमध्ये गेली. मीही गेले, कारण माझी साखर तपासायची होतीच. सुई बाहेर निघाली तसा त्याने चेहरा भिंतीकडे वळवला आणि पुतणीची ओढणी मुठीत धरली.

"मले सुईची लई भीती वाटते," तो पुटपुटला. "दादाच्या वेळीही मी आईले म्हटलं होतं, माझं नको."

म्हणजे हे होतं सगळं. शुद्ध घराणं, एकच रक्त, नाडी म्हणजे डीएनए, पूर्वजांचं जेनेटिक्स. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक सहा फुटांचा इंजिनिअर, सुईला घाबरणारा. आईने मुलाची भीती झाकली, मामांनी त्या भीतीला शास्त्र पुरवलं, आणि माझ्या जावेने त्या शास्त्राला सांबारवड्या खाऊ घातल्या. पण तो आला, हे मी नाकारत नाही. त्या घरात स्वतःचा दंड पुढे करणारा तो पहिलाच, सासऱ्याने मागितल्याशिवाय.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. पुतणी कामावर गेली, परत आली, जेवायला बसून उठली. वाहक निघाला तर काय, हे तिने ठरवलेलं नव्हतं असं नाही. ठरवलेलं होतं, आणि म्हणूनच ताट तसंच राहत होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. एए.

मी चष्मा लावून वय, तारीख पाहिली. त्याचाच होता. ती माझ्या पलंगावर बसली.

तुझ्या निबंधाप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी. विवेकाने वागणाऱ्यांना बक्षीस मिळालं, अज्ञानाला लाज वाटली, पिढी सरस झाली. प्रत्यक्षात काय झालं ते ऐक. रविवारी हॉलमध्ये मुलाची आई हिरव्या शालूत माझ्याकडे आली, माझा हात हातात घेतला आणि चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहा मॅडम, मी म्हटलंच होतं. मोठ्याचं साफ म्हंजे लहान्याचं साफ. तुम्ही उगाच पोराले टोचलं."

मामा म्हणाले, "नाडी कधी खोटी नाही निघत."

जाऊ म्हणाली, "ताईंना ना, सगळ्यातच शंका घ्यायची सवय." त्या दिवशी ती पुस्तकी मराठी बोलत होती, कारण पाहुणे होते.

तिघांपैकी कोणीही बरोबर नव्हतं, आणि तिघांचंही म्हणणं खरं ठरलं होतं. त्या बाईच्या हातात दोन्ही वेळा शेंगदाणा आला होता, तसंच. निसर्ग शहाण्याला शाबासकी देत नाही आणि मूर्खाला शिक्षाही करत नाही. तो फक्त वाटी पुढे करतो. त्यामुळे मूर्खपणा सुखाने जगतो, आणि पुढे जातो. पुढे किती वेगाने जातो तेही त्याच हॉलमध्ये कळलं. मामांच्या मुलीचं कुठेतरी जमतंय. मुलाकडच्यांनी सिकलसेलची तपासणी मागितली आहे. मामांनी मुलीला लॅबमध्ये नेलं नाही. त्यांनी भाच्यांचे रिपोर्ट पाठवले. "आता तर दोन-दोन हायेत," ते मला म्हणाले. "घराण्याचं पक्कं प्रूफ."

मी तोंड उघडलं होतं, पण पुतणीने मागून माझा पदर ओढला.

"मोठी आई, त्यांना म्हणू द्या काय म्हणायचं ते. मला कळलं ना, बस."

तिला कळलं. त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय ते तिला एकटीलाच कळलं होतं. तिची मुलं वाहक होतील किंवा होणार नाहीत, पण ऑटोतून दवाखान्यात न्यावी लागणारी होणार नाहीत, हे तिने अंगठी घालण्याआधी जाणून घेतलं होतं. बाकीच्यांना ते फुकटात मिळालं, आणि फुकट मिळालेल्याला ते आपलं शास्त्र समजले.

आता हे तुम्हाला का लिहिते. तुमचे आजोबा माझ्या दिरांचे सख्खे भाऊ. दीर वाहक, म्हणजे त्यांच्या आईवडिलांपैकी निदान एकाच्या वाटीत फुटाणा होता. तो आजोबांच्या वाट्याला आला की नाही, हे त्यांना तपासण्याआधीच ते गेल्यामुळे आता कळायचं नाही. मी एए आहे. पुण्याच्या तुमच्या आत्याने मी सांगितल्याबरोबर तपासून घेतलं, तीही एए. तुमच्या आईने पहिल्या गरोदरपणातच तपासून घेतलं होतं, आणि तिचं साफ आहे, म्हणून तुम्हा दोघांना आजाराची भीती नाही. पण तुम्ही वाहक असू शकता, आणि उद्या तुम्हीही कोणाला तरी पसंत कराल.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात तुमच्या वडिलांना फोनवर समजावलं. शांतपणे, पेढ्यापासून. ते म्हणाले, "आई, ताईचं नॉर्मल आलंय ना? मग माझंही तेच असणार. आम्ही सख्खे आहोत."

मी फोन कानापासून दूर धरून नंबर पाहिला, वाडीहून तर आला नाही ना म्हणून.

इतकं शिकून, इतक्या लांब जाऊन, हे. लहानपणी लस टोचायला नर्स आली की हे महाशय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे सापडायचे; तुमच्या आत्याला दोन्ही दंड पुढे करून दाखवावे लागायचे, की बघ, दुखत नाही. तेव्हाही त्यांना वाटायचं, की ताईला टोचलं म्हणजे आपलं झालं.

म्हणून काम तुमच्याकडे देते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघांनी जा. वडिलांना मधे बसवा, एकाने त्यांचा कोट धरा आणि दुसऱ्याने हात. मला रिपोर्ट पाठवा, तिघांचे तीन. एकच पाठवलात तर मी तो वाचणार नाही. आणि निबंधातलं ते वाक्य खोडून टाक, शिक्षिकेने बरोबरची खूण केली असली तरी.